उचलून दाखवा, मगच आत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की एअरलाईनवाले गेटवर हँडबॅग तोलतात, सात किलोपेक्षा दोन किलो जास्त निघाली की पैसे उकळतात, ही ज्येष्ठ नागरिकांची लूट आहे वगैरे वगैरे. वाचलं आणि माझा चहा गार झाला. एरवी मी पेपरला पत्रं पाठवणाऱ्यांतली नाही, पण म्हटलं आता लिहायचंच, कारण काका, तुमची ती नऊ किलोची बॅग विमानात माझ्याच डोक्यावर असते हो.

मी सहकारनगरला राहते, वय 67, बँकेतून रिटायर्ड, लेक मिशिगनमधे, म्हणजे पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमधे असतं तसंच आमचंही. सात वेळा जाऊन आलोय आम्ही दोघं. त्यामुळे निघायच्या आधीचा तो आठवडा घरात काय चालतं ते मला चांगलं माहितीये. माणशी 23 किलोच्या दोन बॅगा, म्हणजे दोघांचे मिळून 92 किलो. आमचं लग्न झालं तेव्हा आमचा अख्खा संसार 92 किलोचा नव्हता! तरी पुरत नाही. तुळशीबागेतून आणलेला तो हुकवाला काटा घेऊन आमचे हे रात्री अकरापर्यंत हॉलमधे बॅगा उचलून उचलून बघणार, 23.4 भरलं की कुरडयांची एक पिशवी बाहेर, 22.8 भरलं की गोड्या मसाल्याचं एक पाकीट आत, भाजणी इकडून तिकडे, मेतकूट तिकडून इकडे. सोनाराकडे होत नसेल इतकं काटेकोर वजन. आणि मग जे कुठेच बसत नाही ते सगळं हँडबॅगेत. का, तर "तिथे कोण बघतंय". सगळ्या भानगडीचं मूळ या तीन शब्दांत आहे असं माझं मत आहे.

आधी माझं पाप सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई दुसऱ्यांना शिकवतेय. पहिल्यांदा गेलो 2012 साली, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला. तेव्हा माझी हँडबॅग 12 किलोची होती. त्यात दोन पितळी समया, डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, बाळाच्या दुपट्यांचा गठ्ठा, आणि का कोण जाणे पण एक लोखंडी तवा. चेक-इनच्या काउंटरवर ती बॅग मी यांच्या पायामागे लपवून ठेवली होती, बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून स्वतः असा उद्योग. विमानात सीटपाशी पोचल्यावर मी काय केलं, तर बॅग खाली ठेवली आणि इकडे तिकडे बघत उभी राहिले. बस, तेवढंच. पांढरे केस, साडी, चेहऱ्यावर बिचारेपण. लगेच मागून एक तरुण मुलगा आला, "थांबा काकू मी ठेवतो" म्हणाला, बॅग उचलली, आणि छातीपर्यंत आल्यावर त्याच्या तोंडून जे "आई गं" निघालं ते मला अजून ऐकू येतं. त्याला वाटलं असेल काकूंच्या बॅगेत शाल आणि पोथी असेल.

आता मागच्या खेपेचं सांगते. विमानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांकडे हेच चालतं. संध्याकाळी सहकारनगरहून टॅक्सीने निघालो, घाटात तासभर अडकलो, मुंबईला टर्मिनल 2 ला पोचलो, सगळं नेहमीप्रमाणे. बोर्डिंगला झोन पुकारतात ना, एक, दोन, तीन असे. आमचा चार होता. पण दोन पुकारायच्या आधीच सगळं गेट उठून उभं, लग्नात शेवटची मंगलाष्टकं चालू असताना लोक अक्षता टाकता टाकता पंगतीकडे सरकतात अगदी तसं. त्याचं कारण मला आता कळलंय, सीट कुणी पळवून नेणार नसतं, सीटवर नंबर असतो, पळवापळवी असते ती वरच्या जागेची, कारण तिथे नंबर नसतो. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे ना, तेच हे, फक्त रुमालाच्या जागी चाकांची बॅग. ज्यांची सीट 41 नंबरच्या रांगेत ते जाता जाता 20 व्या रांगेवरच बॅग टाकून मोकळे होतात, म्हणजे उतरताना बरं पडतं. मग 20 व्या रांगेतल्यांनी काय करायचं? त्यांनी 30 वर जायचं. आणि 30 वाल्यांनी? आम्ही 30 वाले होतो.

आमच्या डोक्यावरच्या कप्प्यात एक मोठी बॅग आडवी टाकलेली, तिच्या बाजूला ड्युटी फ्रीच्या दोन पिशव्या, एक जाड जाकीट, एक गुंडाळलेलं पोस्टर की काय ते, आणि वर कुणाची तरी उशी. उशी हो! मी एअर होस्टेसला विचारलं तर ती बिचारी तीन कप्पे उघडून बंद करून शेवटी आमची छोटी बॅग घेऊन मागे गेली आणि 41 च्या वर ठेवून आली. त्या बॅगेत यांचं ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या, बिस्किटं, सगळं. इन्सुलिनचं पेन तेवढं यांच्या खिशात होतं. मी म्हटलं जाऊ दे, अकरा रांगा तर आहेत, उठून आणता येईल.

जेवणाची ट्रॉली दिसली तशी यांनी सवयीप्रमाणे इन्सुलिन घेतलं. आणि पाचच मिनिटांत विमान असं हलायला लागलं की ट्रॉल्या परत मागे नेल्या, क्रू सुद्धा आपापल्या जागी पट्टे लावून बसला, सीटबेल्टचा दिवा लागला तो लागलाच. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, जेवणाचा पत्ता नाही, हे घामाघूम, हाताला कंप, बोलणं जरासं अडखळायला लागलं. इन्सुलिन घेऊन पोटात काही गेलं नाही की साखर एकदम घसरते, ज्यांच्या घरात डायबेटिस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. औषधं अकरा रांगा मागे, आणि मधे उठायला बंदी.

आमच्या तिसऱ्या सीटवर एक विशी-बाविशीचा मुलगा होता, पिंपरीचा, पहिल्यांदाच शिकायला चाललेला. मी घाबरून त्याला विचारलं, बाळा काही गोड आहे का रे. त्याने पायाशी कोंबलेली सॅक ओढली, आणि ती सॅक तरी केवढी, त्याचे गुडघे हनुवटीला लागले होते तिच्यामुळे, आणि आतून काय काढलं तर लोणावळ्याची चिक्की. आईने दिलेली, दोन किलो. यांनी तीन वड्या खाल्ल्या, दहा-पंधरा मिनिटांत माणूस जरा ताळ्यावर आला, नंतर क्रूने ज्यूस आणून दिला. (डॉक्टर नंतर म्हणाले चिक्कीत दाणे असतात, त्यामुळे साखर चढायला वेळ लागतो, ज्यूस आधी मिळायला हवा होता. असो, तेव्हा चिक्की हेच अमृत होतं.)

आणि पुढची गंमत ऐका. विमान शांत झाल्यावर तो मुलगा उठला आणि वरून काहीतरी काढायला लागला. ती आडवी बॅग त्याचीच. ती पिशवी त्याची, ते जाकीट त्याचं, ते पोस्टर म्हणजे गणपतीचं चित्र होतं. ज्याच्यामुळे आमची औषधं मागे गेली त्याच्याच बॅगेतून चिक्की निघाली. आता याला रागावू की पाया पडू? मी दोन्ही केलं नाही, फक्त म्हटलं बाळा बॅग उभी ठेव, आडवी ठेवलीस तर दोघांची जागा खाते. त्याने लगेच उभी केली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तर माझा राग त्या पोरावर नाहीये, माझ्यावरच आहे, त्याच्या आईवर आहे, त्या पत्रवाल्या काकांवर आहे. "तिथे कोण बघतंय" म्हणत बॅगा भरणारे आम्हीच.

आल्यावर मी जरा वाचन केलं, रिटायर्ड माणसाला वेळ असतो. एका प्रवाशाला एकच हँडबॅग हा आपल्या ब्यूरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीचा नियम 2000 सालच्या सर्क्युलरपासूनचा आहे. वर बायकांची पर्स, शाल किंवा पांघरूण, छत्री किंवा काठी, लागणारी औषधं, लहान बाळाचं खाणं, लॅपटॉप अशा गोष्टी चालतात. जानेवारी 2022 मधे परत आठवण करून दिली, कारण लोक दोन-दोन तीन-तीन बॅगा घेऊन सिक्युरिटीला येत होते आणि रांगा हलत नव्हत्या. इकॉनॉमीला साधारण 7 किलो, माप 55 बाय 40 बाय 20 सेंटीमीटर. अमेरिकन कंपन्यांचं उलटं, त्यातल्या मोठ्या कंपन्या हँडबॅगेचं वजन बघतच नाहीत, फक्त माप. त्यामुळे आपल्या माणसाला वाटतं की 7 किलो हे नुसतं म्हणायचं असतं, मंडईत भाव सांगतात तसं.

आता कंपन्यांचंही चुकतंच, ते नाही म्हणत नाही मी. अमेरिकेत 2008 पर्यंत चेक-इनची पहिली बॅग फुकट जायची. त्या वर्षी तेल महागलं आणि अमेरिकन एअरलाईन्सने पहिल्या बॅगेला 15 डॉलर लावले, मग एकामागून एक बाकीचे. झालं, ज्याला त्याला सगळा संसार वर डोक्यावर न्यायचाय. आपल्याकडेही 2021 पासून चेक-इन बॅगेशिवायचं स्वस्त तिकीट द्यायला परवानगी आहे. म्हणजे आधी तुम्हीच लोकांना बॅग आत न्यायला लावता, मग जागा नाही म्हणून गेटवर काढून घेता. शिवाय बॅग हरवायची भीती. ती मात्र आपण जरा जास्तच घेतलीये डोक्यात, 2024 मधे जगभरात हजार प्रवाशांमागे सहाच्या आसपास बॅगांचा घोळ झाला, म्हणजे उशीर, मोडतोड, हरवणं सगळं धरून. तरी प्रत्येकाला वाटतं ते सहा आपणच.

पण खरा घोळ केला चाकांनी. चाकं आणि वर ओढायची दांडी असलेली उभी बॅग ही नॉर्थवेस्ट एअरलाईन्सच्या एका पायलटने, रॉबर्ट प्लाथने, 1987 मधे बनवली. त्याच्याआधी बहुतेकांना बॅग हातात धरून चालावं लागायचं, त्यामुळे किती भरायचं ते हातच सांगायचा. आमचे वडील ट्रंक घेऊन पुणे स्टेशनला जायचे तेव्हा हमालाचे पैसे द्यायचे नसतील तर स्वतःला उचलेल एवढंच भरायचे. आता चाकांवर 14 किलो पण घरंगळत येतं, एअरपोर्टची फरशी गुळगुळीत, एका बोटाने ओढा. बॅगेचं खरं वजन कळतं ते एकदाच, ती डोक्यावर न्यायच्या वेळी. आणि ते आपल्याला कळत नाही, कारण तोपर्यंत आपण ती दुसऱ्याच्या हातात दिलेली असते! क्रूने उचलावी म्हणाल तर बऱ्याच कंपन्यांमधे त्यांना मनाई असते, दिवसातून पन्नास बॅगा उचलल्या तर पाठीचं काय होईल. शिवाय कप्पा उघडताना ती खाली बसलेल्याच्या टाळक्यात पडली तर ते वेगळंच.

रेल्वेत स्लीपरला 40 किलो फुकट नेता येतं, तिथेही कोण तोलत नाही, आपण सीटखाली साखळीने बांधून झोपतो. पण गाडीला आग लागली तर निदान गाडी जमिनीवर असते आणि डब्याला दारं-खिडक्या असतात. विमानाचं गणित वेगळंय. मोठं विमान बनवताना कंपनीला दाखवावं लागतं की निम्मी दारं बंद असली तरी सगळी माणसं 90 सेकंदांत बाहेर पडतील. त्या चाचणीत कुणी वरची बॅग काढायला थांबत नाही. 3 ऑगस्ट 2016 ला तिरुअनंतपुरमहून निघालेलं विमान दुबईला उतरताना धावपट्टीवर आपटलं. आत 300 माणसं, आणि धूर भरत असताना लोक कप्पे उघडून बॅगा काढतायत असा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनी पाहिलाय. सगळे वाचले हे नशीब, पण आग विझवायला आलेला एक जवान गेला. आणि दुसरीकडे 2 जानेवारी 2024, टोकियोच्या हानेदा एअरपोर्टवर जपानचं प्रवासी विमान कोस्ट गार्डच्या विमानावर आदळून पेटलं, कोस्ट गार्डच्या विमानातले पाच जण गेले, पण या पेटलेल्या विमानातले 379 च्या 379 बाहेर आले, सामान आत टाकून. मी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर हे सांगितलं तर एक जण म्हणाले, "अहो पण पासपोर्ट?" मी गप्प बसले.

आणखी एक, पॉवर बँक. तो चेक-इनमधे चालत नाही, जवळच ठेवावा लागतो हे आता सगळ्यांना माहितीये. पण जवळ म्हणजे वर कपड्यांच्या तळाशी नाही. जानेवारी 2025 मधे दक्षिण कोरियात बुसानला विमान जमिनीवरच उभं असताना वरच्या कप्प्यातून आग लागली, संशय पॉवर बँकेवर. 176 जण होते, सगळे उतरले. मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी केली. म्हणून गेटवर "बॅग खाली जाईल", म्हणजे विमानाच्या पोटात, म्हणाले तर हुज्जत घालण्याआधी पॉवर बँक आणि औषधं बाहेर काढा, ते पहिलं. आणि सुकं खोबरं, ते तर चेक-इनमधे पण चालत नाही, तेलामुळे पेट घेतं. हे मला तिसऱ्या खेपेला कळलं, मसाल्याचं खोबरं काउंटरवरच सोडून.

तर काका, तुम्ही म्हणता तोलू नका. मी म्हणते दुप्पट तोला, पण नीट तोला. आत्ता काय होतं, चेक-इनला नाहीतर गेटवर एखादा बिचारा सापडतो, त्याची आठ किलोची बॅग तोलतात, आणि मागून आठ जण चौदा किलोच्या ओढत निघून जातात. काउंटरवर न येता घरूनच वेब चेक-इन करून येणारे तर सुटलेच. तोलायचं तर गेटवर, सगळ्यांचं, फर्स्ट क्लासवाल्यांचं सुद्धा.

आणि काटा नसेल तर माझ्याकडे बिनखर्चाचा उपाय आहे. गेटवर खांद्याइतक्या उंचीची एक फळी लावा. प्रत्येकाने आपली बॅग स्वतः उचलून त्या फळीवर ठेवायची आणि काढायची. जमलं तर आत. नाही जमलं तर बॅग खाली जाईल, फुकट, न ओरडता, टॅग लावून. यात आजारी माणसं, अपंग, लहान मुलं घेतलेल्या बायका यांना अर्थातच सूट, त्यांचं सामान आपण सगळे उचलू, आनंदाने. बाकी आमच्यासारखे जे रोज सकाळी तळजाईवर तीन चकरा मारतात आणि एअरपोर्टवर एकदम म्हातारे होतात त्यांनी फळीवर उचलून दाखवावी. यांना हा उपाय सांगितला तर म्हणाले, "तुला 2012 मधे तिथूनच परत पाठवली असती." बरोबर आहे. पाठवायलाच हवी होती.

दुसरं म्हणजे वरच्या कप्प्यांना सीटचे नंबर द्या. हे एवढं अवघड का आहे मला कळत नाही. नाट्यगृहात खुर्चीला नंबर असतो, बँकेत लॉकरला असतो, कप्प्याला का नको? तुमच्या सीटवरची एका बॅगेची जागा तुमची, तिथे मावेल तेवढंच. 41 वाल्याने 20 वर टाकली तर तिथून काढून त्याच्या मांडीवर द्या.

आम्हाला जूनमधे परत निघायचंय. लेकीची यादी आली आहे, थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, आणि नातवासाठी "ती छोटी भाकरवडी". माझी हँडबॅग मी हौसेने परवाच भरून टाकली, काट्यावर 6 किलो 400 ग्रॅम. यांची औषधं आणि मीटर वेगळ्या कापडी पिशवीत, ती पायाशी, वर नाही, काही झालं तरी वर नाही. काल यांनी त्या बॅगेत हळूच काहीतरी सरकवलं, मी विचारलं काय ते, तर अर्धा किलो चिक्की. म्हणजे आता 6 किलो 900. कपाटावर ठेवून बघितली, जाते.

आपली,
एक वाचक
सहकारनगर, पुणे